क्लैब्यचिकित्सेतील वृषणसंप्रेरकाचे स्थान

पुरुषाच्या क्लैब्याचे मूळ वृषणात असले पाहिजे, हा समज फार जुना आहे. संप्रेरकचिकित्सेचा इतिहास म्हणजे हा समज प्रयोगाच्या कसोटीवर क्रमाक्रमाने मर्यादित होत गेल्याचा इतिहास होय.

१८४९ मध्ये ग्यॉटिंगेन येथील आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी कोंबड्यांची वृषणे काढून काहींच्या उदरात ती पुन्हा बसविली. नुसत्या खच्ची केलेल्या कोंबड्यांचा तुरा वाढला नाही. वृषणारोपण झालेल्यांचा तुरा, आरवणे व झुंजारपणा मात्र कायम राहिला. मूळचे मज्जातंतू तुटले असताही हे घडले. अर्थात हा परिणाम रक्तावाटे होत असला पाहिजे, असे त्यांनी अनुमान केले. अनुमान अचूक होते. परंतु त्याची त्या काळी फारशी दखल घेतली गेली नाही.

जगाचे लक्ष वेधले ते एका सदोष प्रयोगाने. १ जून १८८९ रोजी पॅरिस येथे ७२ वर्षांच्या ब्राउन-सेकार यांनी कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतल्याने शक्ती परत आल्याचे जाहीर केले. हा अर्क पाण्यात काढलेला होता, आणि वृषणसंप्रेरक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात तोच अर्क पुन्हा सिद्ध करून तपासला असता त्यातील संप्रेरक परिणामकारक ठरण्याइतके नसल्याचे आढळले. लाभ झाला होता तो अपेक्षेचा. तथापि त्या अपेक्षेचा पगडा टिकून राहिला. व्हिएन्नाच्या श्टाइनाख यांनी शुक्रवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया पुरस्कारिली. १९३४ मध्ये कवी येट्स यांनीही ती करवून घेतली. पॅरिसमध्ये व्होरोनॉफ यांनी १९२० पासून वानरांच्या वृषणांच्या चकत्या माणसांत बसविल्या. परके ऊतक शरीरात तग धरीत नाही, म्हणून तो मार्गही खुंटला.

१९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे लाकर यांच्या सहकाऱ्यांनी बैलांच्या वृषणांपासून शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी बूटेनांट व रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत घडविले. आता मापून मात्रा देणे व निष्क्रिय औषधाशी तुलना करणे शक्य झाले, आणि याच तुलनेने औषधाची मर्यादा उघड केली. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तातील संप्रेरक कमी असलेल्या ६५ वर्षांवरील पुरुषांत, कामेच्छा व ताठरता या दोहोंत सुधारणा झाली. पण ती बेताचीच होती.

याचे कारण शरीररचनेत आहे. शिश्नाची ताठरता मुख्यतः रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांवर अवलंबून असते. मधुमेह, उच्च रक्तदाब व धूम्रपान यांनी प्रथम त्याच बिघडतात. १९९८ मध्ये आलेले सिल्डेनाफिल रक्तवाहिन्यांवरच कार्य करते. संप्रेरकाचा अधिकार प्रामुख्याने इच्छेवर आहे. म्हणून सकाळच्या रक्ताच्या दोन तपासण्यांत ज्याची उणीव सिद्ध होते, अशा रोग्यासच ते देणे उचित ठरते. बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन शुक्रजंतूंची निर्मिती दडपते. तेव्हा अपत्याची इच्छा असलेल्या पुरुषास पौरुषवर्धक म्हणून ते देणे म्हणजे त्याच्या हेतूवरच घाव घालणे होय.