यू-बूटच्या विकल्पव्यवस्थेची कुळकथा

राउटर किंवा कारखान्यातील नियंत्रक यांसारख्या ठरावीक कामासाठी बांधलेल्या संगणकाला एम्बेडेड प्रणाली म्हणतात, आणि वीजपुरवठा सुरू होताच तेथील रॅम व इतर हार्डवेअर कामाला लावून कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, सूत्रे सोपवणारा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर होय. प्रत्येक बोर्डाची जडणघडण निराळी असल्याने बूटलोडरमध्ये कोणत्या सोयी घ्यायच्या आणि कोणत्या वगळायच्या, हे तो कंपाइल करण्याआधीच ठरवावे लागते. हे ठरवण्याच्या पद्धतीत कसकसे बदल होत गेले, ते यू-बूट या बूटलोडरच्या इतिहासात विशेष स्पष्ट दिसते.

यू-बूटचा मूळपुरुष म्हणजे मॅग्नस डॅम यांनी पॉवरपीसी प्रोसेसरांसाठी लिहिलेला ‘८एक्सएक्सरॉम’. वोल्फगांग डेंक यांनी १९९९ मध्ये तो ‘पीपीसीबूट’ या नावाने सोर्सफोर्जवर आणला, आणि एआरएमसारख्या अन्य प्रोसेसरांचा आधार त्यात आल्यावर नोव्हेंबर २००२ मध्ये त्याचे ‘यू-बूट’ असे नामांतर झाले.

त्या काळी प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेतील एक हेडर फाइल असे आणि बोर्डाविषयीचे जवळजवळ सगळे निर्णय तिच्यात मॅक्रोंच्या, म्हणजे नाव दिलेल्या व्याख्यांच्या, रूपाने लिहिलेले असत. प्रकल्पाच्या माहितीपत्रकात दोन वर्ग सांगितलेले होते : वापरकर्त्याने निवडायचे ते विकल्प, आणि हार्डवेअरवर अवलंबून असल्याने जाणकारानेच हात लावावा अशा मांडण्या. हा भेद मुळातच योग्य होता, परंतु तो पाळला जातो की नाही हे तपासणारे काहीही नव्हते. अट तपासताना सी भाषेचा प्रीप्रोसेसर अपरिचित नावाला केवळ ‘व्याख्या नाही’ असे मानतो, त्यामुळे एका अक्षराची चूक झाली तरी कंपाइलर तक्रार करत नसे आणि हवी असलेली सोय मुकाट्याने गळून पडे. शिवाय एका विकल्पाला दुसऱ्याची गरज आहे, हे ज्ञान कोठेही नोंदलेले नसून अनुभवी अभियंत्यांच्या डोक्यातच राहत असे, आणि बोर्डांची संख्या हजारावर गेल्यानंतर ही मोठीच उणीव ठरली.

यावरील उपाय लिनक्स कर्नलमध्ये तयार होता. रोमान झिपेल यांची केकॉन्फिग ही भाषा २००२ मध्ये तेथे स्वीकारली गेली होती. तिच्यात प्रत्येक विकल्पाचा प्रकार, मूळ मूल्य, तो कशावर अवलंबून आहे आणि त्याचे स्पष्टीकरण ही सारी माहिती एकत्र लिहितात. ती वाचून मेनू दाखवता येतो आणि अवलंबित्व न जुळणारी निवड तेथेच अडवता येते. मासाहिरो यामादा यांनी २०१४ मध्ये ही भाषा यू-बूटमध्ये आणली. तिच्यामुळे बोर्डाच्या ‘डेफकॉन्फिग’ फाइलमध्ये मूळ मूल्यांपासून ढळलेल्या निवडीच तेवढ्या नोंदवणे पुरेसे झाले, आणि एखादा बोर्ड इतरांहून कोठे वेगळा आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळू लागले.

अडचण आली ती एसपीएलची. प्रोसेसरच्या आतील तुटपुंज्या स्मृतीत मावेल असा जो छोटा पूर्वप्रोग्रॅम आधी चालून मुख्य यू-बूटला रॅममध्ये आणतो, त्याला एसपीएल म्हणतात. त्याचे विकल्प स्वाभाविकपणे वेगळे असतात. आरंभी त्याच्यासाठी स्वतंत्र कॉन्फिगरेशन ठेवण्याचा प्रयोग झाला, परंतु दोन्हींचा मेळ ठेवणे जिकिरीचे ठरल्याने २०१५ मध्ये सर्व निवडी एकाच फाइलमध्ये आणून एसपीएलच्या विकल्पांना निराळा उपसर्ग देण्यात आला.

हेडर फाइलींतील हजारो विकल्पांचे स्थलांतर हे या इतिहासातले खरे कष्टाचे प्रकरण आहे, कारण एकही बोर्ड न बिघडवता ते करायचे होते. यामादा यांनी त्यासाठी लिहिलेली स्क्रिप्ट प्रत्येक बोर्डाचे प्रत्यक्ष मूल्य काढून ते त्याच्या डेफकॉन्फिगमध्ये नोंदवीत असे, तर हेडरमध्ये आधीपासून असलेल्या विकल्पांची जी यादी पुढे ठेवण्यात आली, तिच्यामुळे जुन्या पद्धतीचे नवे विकल्प घुसवणे बंद झाले. टॉम रिनी यांच्या देखरेखीखाली २०२२ च्या अखेरीस हे काम तडीस गेले. हेडरमध्ये उरलेल्या व्याख्यांना ‘सीएफजी’ हा वेगळा उपसर्ग मिळाला आणि ‘कॉन्फिग’ हा उपसर्ग केकॉन्फिगमधील विकल्पांसाठी राखून ठेवण्यात आला.