लांडग्यावर सरकारी बक्षीस होतं, आज कैद आहे

धान कापून झाला, थंडी पडली की आपल्या भंडाऱ्यात शिकारीचे बेत ठरायचे. इंग्रज सरकार जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडून परवाने द्यायचं. बंदूक साहेबाची, हाक्याला माणसं गावची. लांडगा मारला तर उलट सरकारी बक्षीस!

1970 ला नागझिरा अभयारण्य झालं, तेव्हा ते भंडारा जिल्ह्यातच होतं. 1972 ला वन्यजीव कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले. आज लांडगा मारला तर 3 ते 7 वर्षं कैद.

पण मित्रांनो, बेत अजूनही ठरतात. फक्त बंदुकीच्या जागी जिवंत विजेची तार आली. मला भीती तिचीच वाटते. तिला लांडगा, रानडुक्कर, वाघ सगळे सारखेच; आणि रात्री शेताला पाणी द्यायला निघालेला आपला माणूसही. तार दिसली तर गप्प बसू नका, वनविभागाला 1926 वर कळवा.