वीरेश्वराच्या नावाची अफवा

वीरहून महाडला जाताना वाटेत दासगाव लागते. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर पद्मावती बोटीने मुंबईहून निघाले, ते हरिहरेश्वरमार्गे या दासगावला उतरले; पुढे महाड पाच मैलांवर. धरमतरचा रस्ता जवळचा होता. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर चालत जाता यावे, हा हिशेब होता.

महाडचे ग्रामदैवत वीरेश्वर. महाशिवरात्रीच्या उत्सवात इथे छबिना भरतो. आसपासच्या गावांतून ग्रामदेवतांच्या पालख्या आणि उंच सासणकाठ्या येतात, ढोल वाजतो, विन्हेऱ्याच्या झोलाईची पालखी येते. लहानपणी अब्बांचे बोट धरून मी या जत्रेत फिरलो आहे. आम्हाला देवापेक्षा पाळण्यांत आणि खाजात गोडी!

यंदा मात्र मंदिरासमोर उभा राहिलो तो इतिहासाच्या मास्तराच्या नात्याने. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन लोक परिषदेच्या मंडपात परतले होते. तेवढ्यात गावात अफवा उठली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा काहीच बेत नव्हता. तरी लाठ्या घेऊन जमाव मंडपावर आला, जेवत्या माणसांना मारले, अन्न मातीत मिसळले. गावात पांगलेल्यांनाही गाठून झोडपले. त्या दिवशी महाडच्या मुसलमानांनी आपल्या घरांची दारे उघडून अनेकांना आसरा दिला. पुढे तळे शेणमूत्राच्या १०८ घागरींनी 'शुद्ध' करण्यात आले. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली.

ही हकीकत आपल्या सभांत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. मीही वर्गात तशीच, छाती फुगवून सांगितली. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, दारे उघडणाऱ्यांची नावे काय?"

फत्तेखान यांच्यापुढे मला एकही नाव सांगता आले नाही. अभिमान तेवढा आपण जपला, नावे हरवली. मग फळ्यावर गृहपाठ लिहिला: घरी दादी-नानीला विचारून या.