चांदीपुरा विषाणु आणि पेशींचा इषारा

मलिक अंबराच्या नहरींसाठीं प्रसिद्ध असलेल्या औरंगाबादचें, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरचें, नांव विषाणुशास्त्राच्या इतिहासांत एका क्षुद्र माशीमुळें नोंदलें गेलें आहे. १९६५ सालीं नागपूर भागांत तापाची साथ आली असतां, १९५२ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या विषाणु-संशोधन केंद्रांतील भट्ट व रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांना रुग्णांच्या रक्तांत एक अपरिचित विषाणु आढळला. चांदीपुरा या गांवावरून त्याचें नांव पडलें. पुढें ढांडा, रॉड्रिग्ज व घोष यांनीं औरंगाबादच्या वाळूमाश्यांतून तोच विषाणु वेगळा केला व तें वृत्त १९७० सालीं प्रसिद्ध झालें. डासाहूनहि लहान असलेली ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांच्या अंधारांत राहते. मुकुंदवाडीसारखीं खेडीं आतां शहरांत मिसळून गेलीं आहेत. परंतु जेथें भेगाळलेल्या भिंती व गोठे असतील, तेथें या माशीला आजहि थारा मिळतो.

असा विषाणु शरीरांत शिरला म्हणजे पेशी काय करतात, या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास त्या काळीं नुकताच प्रारंभ झाला होता. एका विषाणूची लागण झाली असतां दुसऱ्याचा अंमल बसत नाहीं, ही गोष्ट १९३५ च्या सुमारापासून ठाऊक होती. कारण मात्र उमगलें नव्हतें. १९५४ सालीं टोकियो येथें नागानो व कोजिमा यांना सशाच्या त्वचेंत विषाणूस अडविणाऱ्या द्रव्याचा सुगावा लागला. १९५७ सालीं लंडनमधील मिल हिलच्या संशोधनसंस्थेंत ॲलिक आयझॅक्स व ज्यां लिंडेनमान यांनीं उष्णतेनें निर्जीव केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणु कोंबडीच्या अंड्यांतील पटलाच्या तुकड्यांवर सोडला. कांहीं तासांनीं भोवतालचा द्रव काढून त्यांत ताजे तुकडे ठेवले, तेव्हां त्यांच्यावर जिवंत विषाणूची वाढ होईना. पेशींनींच कांहीं तरी बाहेर सोडलें होतें. अडथळा आणणें या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या द्रव्यास ‘इंटरफेरॉन’ हें नांव मिळालें.

इंटरफेरॉन स्वतः विषाणूस मारीत नाहीं. गांवावर दरोडा येतांच पिटलेल्या दवंडीसारखें तें आहे. विषाणूनें ग्रासलेली पेशी बहुधा वांचत नाहीं; पण मरण्यापूर्वीं ती शेजाऱ्यांना सावध करते. शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावर या प्रथिनाला धरणारे ग्राहक असतात. त्यांवर इंटरफेरॉन येऊन बसतांच आंतील दोन विकरें जागीं होतात आणि ‘स्टॅट’ नांवाच्या निरोप्या प्रथिनांवर फॉस्फेटची मुद्रा उमटवितात. हे निरोपे जोडीनें, एका तिसऱ्या प्रथिनास बरोबर घेऊन, केंद्रकांत शिरतात व शेंकडों जनुकें जागृत करतात. त्यांतून बनलेल्या प्रथिनांपैकीं एक पेशींतील प्रथिननिर्मितीच थांबवितें. दुसरें विषाणूचें आर. एन. ए. चिरण्याची व्यवस्था करतें. मात्र हीं शस्त्रें विषाणूची चाहूल लागेपर्यंत म्यानांत राहतात. निरोपाचा हा मार्ग जेम्स डार्नेल, इयान कर व जॉर्ज स्टार्क यांच्या संशोधनानें १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत उलगडला.

चांदीपुरा विषाणु हा गुरांच्या तोंडांत फोड आणणाऱ्या वेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूचा भाऊबंद आहे. गुरांचा हा विषाणु इंटरफेरॉनपुढें इतक्या लौकर नमतो कीं, इंटरफेरॉनचें बळ मोजण्यासाठीं प्रयोगशाळांत त्याचाच उपयोग होत आला आहे. मग याच कुळांतील विषाणूनें बालकांचे बळी कसे घ्यावे? उत्तर वेळेंत आहे. इषारा आधीं पोंचला तर पेशी वांचते; परंतु हे विषाणु थोड्या तासांत वाढतात आणि आपल्या एका प्रथिनानें केंद्रकाचीं द्वारें अडवितात. चांदीपुराचें प्रथिनहि असेंच वागतें, हें २००१ सालीं दिसून आलें. जनुकांचे हुकूम मग बाहेर पडत नाहींत. दवंडी ऐकूं येऊनहि शस्त्रें हातीं लागत नाहींत.

२००३ सालच्या जून ते ऑगस्ट या काळांत आंध्र प्रदेशांत ३२९ बालकांना मेंदूज्वर झाला व त्यांतील १८३ दगावलीं. पुण्याच्या संस्थेनें त्याचें कारण चांदीपुरा विषाणु असल्याचें दाखविलें. अनेक मुलांना इस्पितळांत आणल्यावर एक दिवसहि मिळाला नाहीं. २०२४ सालीं गुजराथेंत हा रोग पुन्हा उद्भवला. १९८० सालीं झुरिच येथें मानवी इंटरफेरॉनचें जनुक जंतूंत घालून तें प्रथिन बनविण्यांत यश आलें, आणि पुढें दीर्घकालीन यकृतदाहावर तें औषध म्हणून वापरलें गेलें. पण तो रोग वर्षानुवर्षें चालणारा. येथें सारी शर्यत तासांची आहे. चांदीपुरावर खास औषध वा लस उपलब्ध नाहीं.

म्हणून भिंतींच्या भेगा लिंपणें, गोठा घरापासून दूर व स्वच्छ ठेवणें, मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणींत निजविणें आणि तापाबरोबर झटके येतांच त्यांना विनाविलंब इस्पितळांत नेणें, हेच उपाय उरतात. औरंगाबादच्या त्या जुन्या नोंदीचें मोल यांतच आहे. रोग्याच्या शरीरांत इषाऱ्याला उशीर होतो. विषाणु माशींत असतांनाच सांपडला, तर गांवाला सावध होण्यास अवधि मिळतो.