गॅल्व्हेस्टन

अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील मेक्सिकोच्या आखातावरचे बंदर. लोकसंख्या ५३,६९५ (२०२०). ह्यूस्टनच्या आग्नेयेस सुमारे ८० किमी.वर, वाळूच्या एका लांबट, अरुंद बेटाच्या पूर्व भागात ते वसले आहे. बेटाच्या एका अंगाला खुले आखात, दुसऱ्या अंगाला संथ पाण्याचा उपसागर. धक्के व गोदामे उपसागराकडे आहेत. या शहराचा उत्कर्ष आणि त्याच्यावरची संकटे समजून घ्यायची तर ही मांडणी आधी ध्यानात घ्यावी लागते.

बेर्नार्दो दे गाल्व्हेस या स्पॅनिश प्रशासकाचे नाव बेटाला मिळाले. १८१७ नंतर काही वर्षे येथे झां लाफीत या चाच्याचा तळ होता. शहराची रीतसर उभारणी १८३८–३९ मधली. टेक्ससचा कापूस येथून परदेशी जाऊ लागला आणि स्ट्रँड हा पेठेचा रस्ता श्रीमंत झाला. १९ जून १८६५ रोजी जनरल ग्रेंजर याने टेक्ससमधील गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम येथेच काढला. ‘जूनटीन्थ’ ही राष्ट्रीय सुटी त्याच दिवसाची. बंदराच्या तोंडाशी साचणारा वाळूचा दांडा मात्र मोठ्या जहाजांना अडवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन लांब दगडी बांध घालून प्रवाह आवळण्यात आला, त्याच्या जोराने वाळू वाहून गेली आणि खोल वाट मोकळी झाली.

हे सुख फार टिकले नाही. ८ सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळात समुद्र साडेचार मीटरांहून अधिक चढला. शहरातली सर्वांत उंच जमीन जेमतेम २·७ मी. होती. ३७,७८९ वस्तीच्या या शहरात किमान ६,००० माणसे दगावली. अमेरिकेत एवढी मनुष्यहानी दुसऱ्या कोणत्याही नैसर्गिक आपत्तीत झालेली नाही. सेंट मेरी अनाथालयातल्या जोगिणींनी मुलांना कपडे वाळत घालायच्या दोरीने आपल्या कमरेशी बांधून घेतले होते. दहा जोगिणी आणि सुमारे नव्वद मुले बुडाली, तीन मुलगे वाचले.

शहर दुसरीकडे हलवले नाही, उचलले. हेन्री रॉबर्ट, आल्फ्रेड नोबल व एच. सी. रिप्ली या अभियंत्यांच्या आराखड्याप्रमाणे १९०२–०४ मध्ये आखाताच्या बाजूने ५·२ मी. उंचीची काँक्रीटची भिंत बांधली गेली. लाट उलटून मागे फिरावी म्हणून तिचा दर्शनी भाग अंतर्वक्र ठेवला. मग १९११ पर्यंत शहरात भराव घातला. दोन हजारांवर इमारती जॅक लावून उचलल्या. सेंट पॅट्रिक चर्चखाली तर सातशे जॅक होते. भरावाची वाळू बंदराच्या तोंडाशी उपसली जाई आणि वस्तीतून खणलेल्या कालव्याने जहाजे ती आत आणत. पातळ गाळ नळांतून घरांखाली सोडत. पाणी निथळून जाई, वाळू राही. तोवर लोक उंच फळ्यांवरून ये-जा करत. घर उचलण्याचा खर्च मालकाचा, तेव्हा ज्यांना तो झेपला नाही त्यांचे हाल झाले, हे या पराक्रमाच्या वर्णनात सहसा येत नाही. भरावाखाली बागा मेल्या. शहरातल्या स्त्रियांच्या आरोग्यरक्षण संघटनेने नव्याने झाडे लावली.

१९१५ च्या तशाच प्रखर वादळात भिंतीने शहर वाचवले. व्यापार मात्र हातचा गेला होता. १९१४ मध्ये ह्यूस्टनपर्यंत खोल जलमार्ग खुला झाला होता आणि वादळापासून दूर, रेल्वेच्या जवळ असलेले ते बंदर पुढे गेले.

१३ सप्टेंबर २००८ च्या ‘आइक’ वादळात पाणी भिंतीवरून नव्हे, उपसागरातून, धक्क्यांवरून शहरात शिरले. स्ट्रँडवरची दुकाने बुडाली. खाऱ्या पाण्याने हजारो झाडे वाळली, त्यांत भरावानंतर लावलेले ओकही होते. काही वठलेल्या खोडांतून रहिवाशांनी पक्षी-प्राणी कोरून घेतले. आज क्रूझ जहाजे आणि पर्यटन यांवर शहराची मोठी भिस्त आहे. उपसागराचे तोंड दारांनी बंद करण्याच्या प्रकल्पाला अमेरिकी काँग्रेसने २०२२ मध्ये मंजुरी दिली. १९०२ मध्ये जे धैर्य आखाताच्या बाजूला दाखवले गेले, ते बंदराच्या बाजूला दाखवायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि हा उशीर शहराला फार महागात पडला.