टाकीतला सेन्सर आणि मागे पडलेला प्रबंध

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवरची टाकी भरली हे कळायची एकच पद्धत होती: पाणी वरून सांडायला लागलं की कोणीतरी ओरडायचं, "मोटर बंद करा!" मागच्या मे महिन्यात मी लॅमिंग्टन रोडवरून एक आर्डुइनो, एक अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि एक बझर आणला. टाकीच्या झाकणाखाली सेन्सर बसवला, इंटरनेटवरचा तयार कोड टाकला. काम फत्ते! पण चौथ्या दिवशी सकाळी डिस्प्लेवर पाणी शिल्लक दिसत होतं आणि नळ कोरडे. सेक्रेटरी काका म्हणाले, "तुझी पीएचडी राहू दे, आधी टाकी बघ."

चूक शोधताना मी या बोर्डच्या इतिहासात शिरलो. तुम्ही पेटची तयारी करत असाल तर हा इतिहास तुमच्या कामाचा आहे.

इंटेलचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर १९८० साली आला. तेव्हा कोड बदलायचा म्हणजे वैताग: ईप्रॉम असलेली चिप काढा, अतिनील दिव्याखाली पुसा, पुन्हा लिहा. पुढे फ्लॅश मेमरीमुळे हे सोपं झालं, तरी हे क्षेत्र इंजिनिअर लोकांचंच राहिलं.

इटलीतल्या इव्हरेया गावच्या डिझाइन संस्थेत एर्नांदो बारागान हा कोलंबियाचा विद्यार्थी शिकत होता. डिझाइनच्या मुलांनाही चिप वापरता यावी म्हणून त्याने २००३ मध्ये 'वायरिंग' तयार करायला घेतलं आणि २००४ मध्ये त्यावरच मास्टर्सचा प्रबंध दिला. मास्सिमो बांझी आणि केसी रीस हे त्याचे मार्गदर्शक. २००५ मध्ये बांझी आणि सहकाऱ्यांनी स्वस्त एटीमेगा८ चिप घेऊन, वायरिंगच्याच कोडवर आर्डुइनो उभं केलं. आपण आज लिहितो ते 'पिनमोड', 'डिजिटलराइट' वायरिंगमधूनच आले. कोड खुला होता, त्यामुळे यात बेकायदा काही नाही. पण त्या टीममध्ये बारागान नव्हता. आर्डुइनो जगभर पोहोचलं, प्रबंध मात्र मागे पडला. २०१६ मध्ये त्याने स्वतःच ही हकीकत सविस्तर लिहिली.

आता माझी चूक. कोडमध्ये ०.०३४ हा आकडा होता, म्हणजे ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर. हा वेग साधारण १५ अंश सेल्सिअसचा! मे महिन्यात टाकीतली हवा ३५ अंशांची असेल तर वेग जवळपास ३५२ होतो. म्हणजे पाणी १५० सेंटिमीटर खाली असताना सेन्सर १४५ दाखवतो. आमच्या टाकीचा तळ २ बाय ३ मीटर. ५ सेंटिमीटर म्हणजे ३०० लिटर, जे फक्त डिस्प्लेवर होतं.

बारागानचं नाव मला माहीत नव्हतं आणि ०.०३४ कुठून आला तेही. दोन्हींचं कारण एकच: आयतं मिळालं ते न विचारता घेतलं. लिटरेचर रिव्ह्यू करताना आपण पेपर शोधतो, पण वापरलेलं उपकरण, लायब्ररी, स्थिरांक यांचा उगम बघत नाही. निदान तुमच्या वहीत त्यासाठी एक वेगळं पान ठेवा.

टाकीत आता तापमानाचा सेन्सरही आहे, वेग त्यावरून काढला जातो. कोडच्या पहिल्या ओळीत वायरिंग, बारागान, २००४ एवढं लिहून ठेवलंय. काकांना त्यात रस नाही. त्यांना टाकी न सांडल्याशी मतलब.