व्याप्ती व संदर्भ (संगणकभाषांतील)

प्रोग्राममधले एखादे नाव जेवढ्या भागात ओळखले जाते, ती त्या व्हेरिएबलची व्याप्ती किंवा स्कोप. स्मृतीतल्या ऑब्जेक्टपर्यंत पोचवणारे मूल्य म्हणजे संदर्भ किंवा रेफरन्स. नावाची हद्द बहुधा मजकुरावरून ठरते, ऑब्जेक्टचे आयुष्य मात्र प्रोग्राम चालताना ठरते. या तफावतीच्या अभ्यासात मुंबई उपनगरातील पवईच्या आयआयटीने मोलाची भर घातली आहे.

व्याप्ती : अल्गोल ६० या भाषेने ब्लॉकनिहाय व्याप्ती रूढ केली. आत जाहीर केलेले नाव ब्लॉकबाहेर चालत नाही आणि बाहेरच्या त्याच नावाला आत झाकते. सी व जावा याच परंपरेतल्या. पायथनमध्ये फंक्शनने नवी व्याप्ती सुरू होते, ‘इफ’ किंवा ‘फॉर’ने नाही. जावास्क्रिप्टमध्ये ब्लॉकपुरती नावे २०१५ च्या ‘लेट’ने आली.

क्लोजर : बाहेरच्या व्याप्तीतील नावे सोबत बाळगणारे फंक्शन.

संदर्भ : पायथन ३ मध्ये व्हेरिएबलांची नावे देवनागरीतही चालतात. ‘स्थानके’ या यादीत अंधेरी व घाटकोपर आहेत असे समजू. ‘नवी = स्थानके’ लिहून ‘नवी’त मुलुंड जोडले, तर ते ‘स्थानके’तही दिसते, कारण यादी एकच असून नावे दोन आहेत. जावात फंक्शनला संदर्भाची प्रत मिळते. त्यामुळे ऑब्जेक्टमधला बदल बाहेर दिसतो, पण पॅरामीटरला दुसरा ऑब्जेक्ट दिल्याने बाहेरचे नाव हलत नाही. या पद्धतीला काय म्हणावे, यावर एकमत नाही. ‘नल’ हा रिकामा संदर्भ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यूसाठी योजला.

पवईतील संशोधन : जावाचा गार्बेज कलेक्टर (नको असलेली स्मृती आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) ज्या ऑब्जेक्टपर्यंत संदर्भांनी पोचता येते तो राखून ठेवतो. पण पोचता येणारा प्रत्येक ऑब्जेक्ट पुढे वापरला जातोच असे नाही. लांबलचक लिंक्ड लिस्टमधून एक नोड शोधला आणि पुढे फक्त त्यातली माहिती लागणार असली, तरी त्याच्या ‘नेक्स्ट’ला जोडलेली उरलेली यादी स्मृती अडवून बसते. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी यावरचा उपाय २००७ मध्ये ‘एसीएम टॉप्लास’ या नियतकालिकात मांडला. कोणता संदर्भमार्ग पुढे वापरला जाईल हे कंपायलरने आधीच ताडावे आणि निरुपयोगी दुव्यांत ‘नल’ भरावा, म्हणजे कलेक्टरला अधिक स्मृती मोकळी करता येते. लूपमुळे असे मार्ग अमर्याद होतात. म्हणून फील्डचे नाव आणि प्रोग्राममधील वापराची जागा यांवरून ते सान्त आलेखात बसवले जातात. त्याला त्यांनी ‘अॅक्सेस ग्राफ’ म्हटले. एकाच ऑब्जेक्टला दोन वाटा असू शकतात आणि ‘नल’ भरायला जाताना मधलाच दुवा रिकामा निघू शकतो. त्यामुळे प्रत्येक भरणा सुरक्षित आहे ना, हे स्वतंत्र विश्लेषणाने तपासावे लागते. या पद्धतीचे खरे बळ या तपासणीत आहे.

खेडकर, अॅलन मायक्रॉफ्ट व प्रशांत सिंग रावत यांनी २०१२ मध्ये हाच विचार सीच्या पॉइंटरांना, म्हणजे स्मृतीतला पत्ता बाळगणाऱ्या व्हेरिएबलांना, लावला. पुढे वापरल्या जाणाऱ्या पॉइंटरांपुरतेच विश्लेषण केले, तर हाती ठेवावी लागणारी माहिती बरीच विरळ असते, असे त्यात आढळले. खेडकर, सन्याल व बागेश्री करकरे यांचा ‘डेटा फ्लो अॅनालिसिस’ हा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

अध्यापन : आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सी व सी प्लस प्लसचे पाठ मराठीतही आहेत.